आत्याचं उलटं पोलकं

माझ्या वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, पोलकं उलटं घालायची. शिवणी बाहेर, सुबक बाजू आत. काखेतल्या दशा, हुकांच्या पट्टीची कच्ची कड, सगळं जगाला दिसायचं. वरून धुऊन धुऊन मऊ पडलेलं, रंग गेलेलं सुती लुगडं. घरात नवं लुगडं आलं की ते आधी माझी आई नेसायची. दोन वर्षांनी ते पुरतं विटलं की आत्या मागून घ्यायची. गावाला वाटायचं, भावजय नणंदेच्या अंगावर जुनेर टाकते. आईला या बोलण्याचा फार राग यायचा. "मी देत न्हाई हो, तीच मागती," असं ती बायकांना शपथेवर सांगायची. कुणाला पटायचं नाही.

आमचं गाव पालमच्या जवळ. आत्याचं लग्न झालं होतं आणि दोनच वर्षांत ती परत आली होती. कारण विचारलं तर मोठी माणसं एवढंच म्हणत, "नांदली न्हाई." पुढे कधीतरी आईकडून थोडं थोडं कळलं. ती हातात बांगड्या ठेवत नव्हती. नवी साडी नेसवली की कोपऱ्यात जाऊन सोडून टाकायची. पाहुणे आले आणि सगळे एकदम बोलायला लागले की गोठ्यात जाऊन बसायची. सासरच्यांनी आधी मारून पाहिलं, मग अंगारे लावून पाहिले, मग आणून सोडलं.

मी शाळेत जायला लागले तेव्हा माझंही तेच सुरू झालं. गणवेशाचं कापड टेरिकॉटचं होतं. मानेजवळ कंपनीची चिठ्ठी शिवलेली, कमरेला आवळणारं इलास्टिक. सकाळी तो गणवेश अंगात घातला की मला दुसरं काही सुचायचं नाही. फळ्यावरचं दिसायचं, पण डोक्यात शिरायचं नाही, कारण सगळं लक्ष मानेवरच्या त्या चिठ्ठीपाशी असायचं. मी रडायचे, फ्रॉक ओढायचे. आई वैतागायची. "समद्या लेकरायला चालतंय, हिलाच काय झालं?"

आत्यानं मला एकदाच विचारलं, "टोचायलंय का चावायलंय?"

मी म्हणाले, "चावायलंय."

तिनं मान हलवली. त्या रविवारी तिनं माझा गणवेश नेला. आधी ब्लेडनं मानेवरची चिठ्ठी उसवली, एकेक टाका वेचून, खाली दोऱ्याचं टोकसुद्धा राहू दिलं नाही. मग तो साबणात भिजवून दगडावर आपटला, वाळवला, पुन्हा भिजवला, पुन्हा आपटला. दिवसभर तेच. इलास्टिक काढून तिथं सुती नाडी ओवली. संध्याकाळी तो माझ्या हातात दिला तेव्हा रंग फिका झाला होता आणि मास्तर ओरडले असते तरी मला पर्वा नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेत मला पहिल्यांदा वाचता आलं, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल. पण मला ते तसंच आठवतं.

दहावीपर्यंत माझा प्रत्येक कपडा असा तिच्या हाताखालून गेला. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. ती फार बोलणारी नव्हतीच. बोलली तरी समोरच्याच्या तोंडाकडे न बघता, हातातल्या कामाकडे बघून.

पुढे मी परभणीला शिकायला आले आणि तिथं दुसरीच गोष्ट शिकले. सोसायला शिकले. वसतिगृहातल्या मुली हसू नयेत म्हणून त्यांच्यासारखे कपडे घालायचे, आत दात आवळून बसायचं, खोलीवर आल्यावर दार लावून सगळं फेकून द्यायचं आणि पंख्याखाली जुन्या परकरावर पडून राहायचं. हळूहळू मला याचा अभिमान वाटायला लागला. आत्याला जे जमलं नाही ते मला जमलं होतं. बाविसाव्या वर्षी माझं लग्न झालं तेव्हा मी शालू नेसून, हातभर हिरव्या बांगड्या घालून, दिवसभर हसतमुख उभी होते. त्या रात्री मला ताप भरला. तो दमण्याचा आहे असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले.

माझ्यानंतर वर्षभरानं मोठ्या भावाचं लग्न ठरलं. पालमला, मंगल कार्यालयात, मे महिन्यात. माझ्या सासरची माणसं येणार होती; माझ्या लग्नाला आत्या घरीच थांबली होती, त्यांनी तिला अजून पाहिलं नव्हतं. आत्या उलटं पोलकं घालून मांडवात फिरेल, आणि माझ्या सासूबाई ते बघतील, या विचारानं मला आठवडाभर झोप नव्हती. म्हणून परभणीच्या बाजारातून मीच तिच्यासाठी साडी घेतली. जरीच्या काठाची, खळ दिलेली. अस्तराचं पोलकंही शिवून घेतलं.

कार्यालयातल्या बायकांच्या खोलीत मी तिला ती नेसवली. तिनं विरोध केला नाही. माझ्या हातानं होत होतं म्हणूनच केला नसावा. मी निऱ्या घातल्या, पदराला खांद्यावर पिन लावली. ती म्हणाली, "बाई, काखेत लय चावायलंय गं."

"थोडा वेळ सोस," मी म्हणाले. "अक्षता पडोस्तोर. मी न्हाई का सोसायले?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती कुणाच्या डोळ्यांत सहसा पाहत नसे, म्हणून ते मला नेमकं आठवतं.

मांडवात उकाडा होता. बँडवाले अगदी दाराशी उभे होते आणि कर्णा आमच्या डोक्यावर बांधलेला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी नवऱ्या मुलाची बहीण म्हणून पुढे उभी होते. मागून गलका ऐकू आला म्हणून वळून पाहिलं, तर आत्या खुर्च्यांच्या रांगांमध्ये उभी राहून पदर ओढत होती. पिन तुटली, साडी टरकली. तिनं ती फिरवून फिरवून अंगावरून सोडवली आणि मग पोलक्याच्या हुकांना हात घातला. शंभर-दोनशे माणसांसमोर. तिच्या तोंडातून कसला तरी एकसारखा आवाज येत होता, रडणं नव्हे, शब्दही नव्हेत.

वडील धावत गेले. त्यांनी तिचा दंड धरून तिला ओढत आतल्या खोलीत नेलं. दार लागायच्या आत मी त्यांना तिच्या थोबाडीत मारताना पाहिलं. माझ्या हातात अक्षता होत्या. मी जागची हलले नाही.

सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या. "कोण गं ती?"

"लांबच्या नात्यातली आहे," मी म्हणाले.

त्यानंतर आत्या कुठल्याच लग्नाला, बारशाला गेली नाही. तिला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ती आली नसती. मी माहेरी जायचे तेव्हा ती मला पाणी द्यायची, भाकरी वाढायची. माझे कपडे मात्र तिनं पुन्हा कधी हातात घेतले नाहीत.

मी परभणीत माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले. मातीचं काम मला मानवलं. वाळवायची, कुटायची, चाळायची. ती बोटांना कळते आणि प्रश्न विचारत नाही. नवरा शिक्षक, स्वभावानं चांगला. "तुला बरं वाटेल ते घाल," असं तो मला एकांतात नेहमी म्हणायचा. त्याच्या आईसमोर म्हणायचा नाही. चाळिशीनंतर माझं सोसणं संपत आलं. घरी आले की तास तास मला बोलता यायचं नाही. एकदा प्रयोगशाळेत नवे पांढरे कोट आले, कडक, कॉलरचे. मी तो घातला, दहा मिनिटांत सामानाच्या खोलीत गेले आणि कानांवर हात ठेवून जमिनीवर बसले. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाई मला शोधत आल्या. त्यांनी दिवा मालवला आणि त्या दाराशी बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "माझी मुलगी असंच करते. तिला स्वमग्नता आहे. तुम्ही एकदा दाखवता का?"

दोन वर्षांपूर्वी मी नांदेडला मानसोपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. तीन-चार खेपा झाल्या. त्यांनी माझं लहानपण विचारलं आणि मी बोलता बोलता आत्याचंच सांगत राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्हाला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. जन्मापासून आहे. आणि तुमच्या आत्यांना भेटल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही, पण..." 

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून रडले. माझ्यासाठी नव्हे.

त्याच आठवड्यात गावी गेले. आत्या ओसरीवर सुपात तूर निवडत होती. केस पूर्ण पांढरे झालेले, पोलकं उलटंच. मी शेजारी बसले.

"आत्या, नांदेडला डॉक्टरबाईकडं गेलते. आपल्याला कापड चावतं, गलका सहन होत न्हाई, त्याला नाव हाय."

"कोणतं?"

मी सांगितलं. तिनं ते दोनदा तोंडात घोळवून पाहिलं आणि सोडून दिलं.

"गोळ्या दिल्या का?"

"न्हाई. त्याला गोळ्या नसत्यात. आजार न्हाई तो."

"मग कशाला गेलतीस?"

"आपण नाटकं करत नव्हतो, एवढं कळलं."

"ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.

मीही सुपातला एक खडा वेचला. मग म्हणाले, "लग्नात मी तुला ती साडी नेसवली. माझं लय चुकलं, आत्या."

तिचे हात थांबले नाहीत. "तुझ्या बापाचं मला काई वाटलं न्हाई," ती सावकाश म्हणाली. "त्याला कापड चावत न्हाई. त्याला कसं कळावं? तुला ठाऊक होतं."

 तिनं माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. सासूबाईंना मी काय सांगितलं होतं, ते मात्र तिला अजून ठाऊक नाही. ते सांगायचा धीर मला झालेला नाही.

परभणीत मी एक शिवणकाम करणारी बाई शोधली. तिला समजावून सांगितलं, की शिवणी बाहेरच्या बाजूला घे, त्यावर कापडाची बारीक पट्टी बसव, अस्तर नको, आत गाठ नको.

ती म्हणाली, "ताई, हे उलटं होईल."

"उलटंच पाहिजे," मी म्हणाले.

तिनं माझी चार पोलकी शिवली. पट्टीमुळे ती नक्षीसारखी दिसतात, लोक विचारतात कुठून आणली. दोन आत्यासाठी नेली. तिनं ती गालाला लावून पाहिली आणि पेटीत टाकली. मला वाटलं संपलं. पुढच्या महिन्यात गेले तर ती दोन्ही दोरीवर वाळत होती. आई म्हणाली, "आठव्यांदा धुयायलीय." त्याच्या पुढच्या खेपेला त्यातलं एक तिच्या अंगात होतं. 

गेल्या उन्हाळ्यात भावाच्या मुलीचं लग्न झालं, त्याच पालमला. मी जुनी सुती साडी नेसले, कानांत कापसाचे बोळे घातले. आई म्हणाली, "नवरीची आत्या असून असली साडी? लोक काय म्हणतील?" मी म्हणाले, "म्हणू दे." माझा नवरा शेजारीच उभा होता. त्याच्या आईही होत्या. तो म्हणाला, "तिला हेच बरं वाटतं." पंचवीस वर्षं लागली त्याला, पण म्हणाला.

आत्याला मी आदल्या दिवशी विचारून पाहिलं होतं. मांडवाच्या बाहेर बसू, दोघीच, म्हटलं होतं. "मी येत न्हाई. तू जा," एवढंच ती बोलली. वडील आता थकलेत. जेवणाच्या पंगतीत त्यांनी मला विचारलं, "ती न्हाई आली?" मी नाही म्हटलं. ते आचाऱ्यांकडे गेले. येताना त्यांच्या हातात भरलेला डबा होता. तो त्यांनी माझ्याकडे दिला आणि कुणीतरी हाक मारली तिकडे निघून गेले.

वरात निघायच्या आधी मी रिक्षानं गावी आले. आत्या ओसरीवर एकटी होती. मी डबा उघडला, दोन ताटल्या घेतल्या. तिनं बुंदीचा एक लाडू फोडला, पण खाल्ला नाही.

"नवरी कशी दिसायली होती?" तिनं विचारलं.

"चांगली दिसायली होती."

"तसं नको. नीट सांग. साडीचा रंग कोणता होता? केस कसे बांधले होते? कोण कोण रडलं?"

इतकी वर्षं मी समजत होते, तिला लग्नकार्य आवडतच नाही. मी ताटली बाजूला ठेवली आणि नवरीच्या गजऱ्यापासून सांगायला सुरुवात केली. मध्ये मध्ये ती थांबवून विचारत होती, "मंग?"