फादर वागोंचा चहा

एकाच वेळी दोनशे वर्षांत राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो सिल्वासापासून सायकलने वीस मिनिटांवर राहत होता. मसाटच्या वाटेवरच्या एका खेड्यात पोर्तुगीज काळातलं लहानसं चर्च आहे, तिथल्या बोलीत इगर्ज. तिथली घंटा वाजवणारे म्हणून सगळे त्यांना घंटावाले काका म्हणत. मी तेव्हा, ऐंशीच्या दशकात, चिपळूणहून सिल्वासाच्या शाळेत मराठी शिकवायला आलेला एकटा जीव. रविवार खायला उठायचा. एकदा सायकल मारत त्या चर्चपाशी थांबलो, तर काका मला हाताला धरून आत घेऊन गेले आणि म्हणाले, "मास्तर, हळू चला. ह्या फादरांची झोप मोठी सावध." मी बिचकून चवड्यांवर आलो. पाहतो तर जमिनीत बसवलेली थडग्याची फरशी! ते फादर जाऊन दीडशे वर्षं झाली होती.

काकांना कालचं जेवण आठवत नसे, पण एकूण एक पाद्र्याची पथ्यं पाठ होती. एकाला पापड सोसत नसे, एक मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना, सांगताना मधेच चिकूच्या झाडावरचे कावळे हाकलायला बाहेर धावत, तर एकाचं प्रवचन इतकं लांबे की वेदीवरच्या मेणबत्त्या दोनदा बदलाव्या लागत. "बिचारे गोव्यात वाढलेले," काका त्यांची बाजू घेत, "इथे बोलायला माणूस नाय. मग रविवारी सगळं साठलेलं बाहेर येणार ने!" मी त्यातलं निम्मं खोटं धरून चाललो होतो. पण काका फादरांची चाल करून दाखवू लागले की समोर झगा हलताना दिसे.

जिवंत जगाशी मात्र त्यांचं एकच भांडण होतं, मसाटच्या कारखान्याच्या भोंग्याशी. बाराची घंटा वाजवायला दोर धरावा आणि नेमका बाराला दोन मिनिटं असताना भोंगा व्हावा. एकदा मला सोबत घेऊन काका थेट फाटकावर गेले आणि धुळ्याकडच्या वॉचमनला म्हणाले, "तुमचा टाइम चुकतो. आमची घंटा ऐकून भोंगा लावा." तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाबा, भोंगा मशीनवर शे. माना हातमा काय शे?" परतताना काका सारखे मान हलवत होते. "बघा, मास्तर! वाजवणाऱ्यालाच ठाव नाय, कोण वाजवतो."

आता जरा जपून सांगतो. त्या चर्चला कितीतरी वर्षांत राहता पाद्री नव्हता. महिन्यातून एकदा दमणहून एक तरुण फादर स्कूटरवरून येत, मिस्सा सांगत आणि जेवायलाही न थांबता निघून जात. तरी काका रोज सकाळी चहाचा कप घेऊन पाद्र्याच्या रिकाम्या खोलीत जात, खिडक्या उघडत, पलंगाची चादर झटकत आणि थोड्या वेळाने रिकामा कप घेऊन बाहेर येत. भिंतीवर आजवरच्या पाद्र्यांच्या नावांचा लाकडी फळा होता. त्यावर शेवटी एक ओळ कोरी, आणि ती भरण्यासाठी काळ्या रंगाचा एक डबा. रंग सुकू नये म्हणून काका दर शनिवारी त्यात थेंबभर टर्पेंटाइन घालून तो ढवळत. त्यांना मरायच्या आत त्या ओळीत नाव हवं होतं, खोलीत राहणाऱ्या फादरचं. बस, एवढीच मागणी.

म्हणूनच बिशपांना पत्र लिहायचं ठरलं. लेखक अर्थातच मी. मुद्दा काकांचा, आणि तो बिनतोड होता. "लिवा, आमची इगर्ज एक दिवस पण रिकामी राहिली नाय. मग आताच का?" पुरावा म्हणून त्यांनी पाद्र्यांच्या नोंदींची जुनी वही काढली. त्यांना पोर्तुगीज अक्षरं वाचता येत, भाषा मात्र प्रार्थनेपुरतीच. बोट फिरत फिरत एका नावावर थांबलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे फादर वागो. अकरा वर्षं! एवढी वर्षं कोण नाय राहिला. कोणावर रागावले नाय, कोणाकडे कोंबडी मागितली नाय. फोटो काढू दिला नाय. तब्येत नाजूक, म्हणून मिस्सेला बाहेरचे फादर येत. माझा बा त्यांना रोज चहा नेऊन द्यायचा. मी लहान, दाराबाहेर उभा. बा भरलेला कप घेऊन आत जायचा, रिकामा घेऊन बाहेर यायचा." मी म्हटलं, नावाप्रमाणे वागले बुवा! काका माझ्या विनोदावर खूष झाले.

पत्र नीट व्हावं म्हणून मी ते पान दमणच्या फादरांना दाखवलं. ते आधी खो खो हसले, मग एकदम थांबले. "मास्तर, हे नाव नाही. पोर्तुगीजमध्ये वागो म्हणजे रिकामी जागा. त्या वर्षांत इथे पाद्रीच नव्हता. पत्र असंच पाठवलंत तर तिकडे जेवणाच्या टेबलावर वाचून हसतील."

काकांना कोणी हसावं हे मला चाललं नसतं. तो हक्क माझा. म्हणून मीच सांगितलं. काका पाद्र्याच्या खोलीत खुर्चीशेजारी उभे होते, हातात अर्धा कप चहा. आधी त्यांनी पलंगाच्या चादरीवरची सुरकुती सरळ केली. मग म्हणाले, "मग अकरा वर्षं माझा बा चहा कोणाला नेत होता?"

माझी जीभ फार आगाऊ. मी बोलून गेलो, "तुम्ही कोणाला नेता, काका?"

त्यांनी कपाकडे पाहिलं. "खोली उघडावी लागते ने, मास्तर. चा नसंल तर नुसतं उघडून बसायचं कसं?"

आम्ही पत्र पुन्हा लिहायला बसलो. काका म्हणाले, "फादर वागोंना काढा. पण ते वाक्य राहू द्या, एक दिवस पण रिकामी राहिली नाय ते."

"अहो, पण आता ते खरं कसं?"

"बा होता ने," काका म्हणाले.

पत्र गेलं. दोन ओळींचं सौजन्याचं उत्तर आलं. पाद्री आला नाही. पुढे माझी बदली झाली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर काही कामाने सिल्वासाला गेलो, तेव्हा कळलं की काका आदल्या वर्षी गेले. चर्च उघडं होतं, आत कोणी नव्हतं. पाद्र्याच्या खोलीतल्या फळ्याची शेवटची ओळ आता कोरी राहिली नव्हती. दर शनिवारी ढवळून ठेवलेल्या त्याच रंगाने, थरथरत्या अक्षरांत तिथे लिहिलं होतं, 'वागो'. पुढे कधीपासून ते साल घातलं होतं. कधीपर्यंत, ती जागा दुसऱ्या कोणी भरावी म्हणून सोडलेली.

मी खिडक्या उघडल्या, चादर झटकली. चहा आणायला हवा होता, हे तेव्हा सुचलं. बाहेर येतो तोच मसाटचा भोंगा झाला. घड्याळ पाहिलं. बाराला अजून दोन मिनिटं होती. फाटकावर जाऊन सांगणारं आता कोणी नव्हतं, आणि बारा वाजले तरी घंटा झाली नाही.