डोळ्यांदेखत निघायचं

मुलीला नव्या शाळेत पहिल्यांदा सोडायला गेले तेव्हा सासूबाई सोबत होत्या. मुलगी बोलत नाही, चालायला तिला वॉकर लागतो. इथे अमेरिकेत, बॉथेलमधल्या आमच्या घरापासून अपंग मुलांची ही शाळा लांब पडते. पण आधीच्या शाळेने हात टेकले होते, आणि घरी बसून पोर दिवसेंदिवस मिटत चालली होती. इथेही रमली नाही तर पुढे काय, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

वर्गात माशांची टाकी होती. सासूबाईंनी तिला तिथे नेलं, निळा मासा दाखवला आणि ती गुंतल्यावर मला खुणावलं.

"चल, लक्ष नाहीये तिचं. आत्ताच सटकू."

आपल्याकडे मूल असंच सोडतात. मलाही बालवाडीत असंच सोडलं होतं. मी मुकाट्याने काढता पाय घेतला.

पार्किंगमध्ये वर्गाच्या बाईंनी आम्हाला गाठलं. परत चला, म्हणाल्या, तिच्यासमोर जा, निघतेय म्हणून सांगा आणि मग निघा. मी वैतागले. ती रडेल, म्हटलं. रडू दे, म्हणाल्या. इथे नळ दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा मुलांचा निरोप घेतल्याशिवाय वर्गाबाहेर पडत नाही.

या इमारतीत पूर्वी अशा मुलांना कायमचं ठेवून घेत. डॉक्टरच सांगायचे, हे मूल विसरा, दुसरं होऊ द्या. मग कुणीतरी मुलापुढे खेळणं धरायचं आणि आईबाप मागच्या दाराने निघून जायचे. कित्येक मुलं इथेच म्हातारी झाली. ते सगळं बंद पडल्यावर त्यांच्यातल्याच काहींच्या भावंडांनी इथे शाळा काढली आणि ते दार विटांनी बुजवून टाकलं. त्या विटांचा रंग भिंतीशी अजून जुळत नाही.

मी परत गेले, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि सांगितलं. तिने हंबरडा फोडला. गाडीत सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, कसलं गं दगडाचं काळीज तुझं. पण काही आठवड्यांत रडणं ओसरलं. आता ती मला हात हलवून दाखवते आणि वर्गाकडे वळते. रमली.

शाळेच्या दारापाशी सकाळी एक म्हातारी बसलेली असते. लहानपणी तिलाही इथे सोडलं होतं. शाळेत तिला मान आहे. मी बाहेर पडले की ती दर वेळी विचारते, तिने तुला जाताना पाहिलं ना? मी हो म्हणते. एकदा न राहवून मी तिला तिच्या त्या दिवसाबद्दल विचारलं.

"लाकडी घोडा होता," ती म्हणाली. "आई मागे उभी होती. मी बराच वेळ वळलेच नाही. वळले नाही तोवर ती होती."

त्या दिवशी गाडीत बसले, पण किल्ली फिरवली नाही. रोज मुलीला सांगून निघते, याचं मला केवढं समाधान वाटत होतं. पण एक दिवस मी कायमची जाईन. तेव्हा सांगायला जमेल की नाही, कुणास ठाऊक. आणि ती वाट बघत राहील, कारण न सांगता आई जात नाही, हे तिला मीच शिकवलंय.