धोक्याची ओळ कोणत्या पानावर?

मित्रांनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहूनच टाकतो.

फैजपूरच्या एका केळी पिकवण केंद्रात निवृत्तीनंतरही मी माहितीपुस्तिका नीट लावायला जातो. जुनी पुस्तिका यंत्रांनुसार होती. आमची तरुण इंजिनिअर कल्याणी म्हणाली, "नाना, कामांनुसार लावू. 'कसं करायचं' एकीकडे, 'का करायचं' दुसरीकडे." मला पटलं. कामाचं पान पटकन सापडतं.

आज आमचा कामगार युवराज ते नवं पान वाचून केळी पिकवायच्या बंद चेंबरकडे निघाला. कुलूप काढा, आत जा, घड तपासा. आधी दार उघडून हवा खेळू द्या, ही ओळ तिथे नव्हतीच. बंद खोलीत केळी पिकताना श्वास घेण्याजोगी हवा उरत नाही. हे कारण 'का'मध्ये गेलं आणि त्याच्यासोबत ती ओळही गेली. कल्याणीने त्याला उंबऱ्यावरून मागे खेचलं.

"ताई, पानावर होतं तेच करत होतो ना!" तो म्हणाला. खरंच होतं त्याचं.

तीच पुस्तिका काल धुळ्याच्या केंद्रावरही गेली आहे. मी लगेच तिथल्या जुन्या कामगाराला फोन करून ते पान काढून टाकायला सांगितलं. तो हसला, "नाना, पुस्तक कोन वाचस? आमले बठ्ठं पाठ शे."

सगळं पाठ आहे, हे ऐकून जास्तच काळजी वाटली. मलाही शाळेतल्या कविता पाठ आहेत. म्हणताना एखादं कडवं गळतं, आणि गळलं हे मला कळतही नाही.

तुमच्याकडे अशी ओळ कुठे असते हो, पानावर की डोक्यात?