किटलीचा कान

माझे काका बेलार्मिनो सियाचोके यांनी सोगामोसो–बोगोता बस जन्मभर चालवली आणि कधी कुणाच्या कोंबडीलाही धक्का लावला नाही. ब्रेक मारावा तर त्यांनीच, असं आमच्या खोऱ्यात म्हणतात. टिग वेल्डिंग शिकायला ते नालायक ठरले, ते नेमके याच गुणामुळे.

पण आधी किटली. ती एदेल्मिरामावशीकडे, म्हणजे काकांच्या बायकोकडे, तिच्या आईकडून आलेली. उभट, कमरेत बारीक, लांब कानाची, ॲल्युमिनियमची. मावशी पहाटे तीत दूध उकळायची, कडू चॉकलेटची वडी आणि गुळाचा खडा टाकायची आणि फेस येईपर्यंत रवीने घुसळायची. आमच्याकडे असली किटली कुणी घासत नाही. विसळायची आणि उपडी घालायची, बस. वर्षानुवर्षांनी आत काळा, गुळगुळीत थर धरतो आणि घराची चव त्या थरातच असते असं आमच्या बायका मानतात. माझ्या आईने लग्न होऊन आल्याआल्या सासूची किटली हौसेने घासून लख्ख केली होती. आजी मरेपर्यंत तिला नावाने हाक मारत नव्हती. 'घासणारी' म्हणायची.

मावशीच्या पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलं आणि डॉक्टरांनी तिला घरी न्या म्हणून सांगितलं. काकांनी तिच्या उशाशी खुर्ची टाकली आणि तीवर जे बसले ते उठेनात. मावशीला अन्न जात नव्हतं, घोटभर चॉकलेट तेवढं जायचं. तेही तिला स्वतःच करायचं असायचं. एका सकाळी भिंतीला धरत धरत ती चुलीपाशी गेली आणि किटली तिच्या हातून फरशीवर पडली. कान मुळातून तुटला, आणि तुटताना किटलीच्या अंगावर एक तडा ठेवून गेला.

काकांनी लगेच बाजारातून नवी आणली. मावशीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अहो, हे चॉकलेट आहे का नाणी उकळलीत?"

मग काका जुनी किटली घेऊन नेपोमुसेनोकडे गेले. हा आमच्या गल्लीत लोखंडी गेटं बनवतो.

"बेलार्मिनो, माझ्या मशीनने हिला हात लावला तर तुझ्या हातात नुसता कान उरेल," नेपोमुसेनो म्हणाला. "हिला टिग लागतं, आर्गॉन गॅसवालं. दुइतामात एक जण करतो. दहा मिनिटांचं काम."

मावशीने हे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "परक्याच्या हातात नाही द्यायची. तो आधी घासून काढेल."

"मग काय करू?"

"तुम्ही शिका. रिटायर झाल्यापासून हात रिकामेच आहेत की."

अशा रीतीने काका खुर्चीवरून उठले. बंद पडलेल्या एका डेअरीच्या वर्कशॉपमधलं जुनं टिग मशीन घरामागच्या शेडमध्ये येऊन बसलं. शिकवणारा मी. हार्डवेअरच्या दुकानात नोकरी करतो आणि तंत्रशाळेत हे काम शिकलोय. माझे तिथले मास्तर माझं नाव निघालं की अजून छातीवर क्रूस काढतात, पण गल्लीत दुसरा कुणी उपलब्ध नव्हता.

टिगचं असं आहे. एका हातात टंगस्टनची सुई धरलेली मूठ, दुसऱ्या हातात भरायची तार, आणि पायाखाली पेडल. जितकं दाबाल तितकी आग. लोखंड निदान लाल होऊन बजावतं तरी. ॲल्युमिनियम काही सांगत नाही. सुईखाली त्याचं आरशासारखं चकचकीत डबकं होतं, ते जरासं थरथरतं, आणि दुसऱ्या क्षणी सगळं खाली बसतं. डबकं थरथरलं की पाय उचलायचा, एवढंच शास्त्र. आणि काकांचा पाय जन्मभर एकच गोष्ट शिकलेला: समोर संकट दिसलं की दाबायचं.

"उचला, काका, पाय उचला!"

भोक.

"मी ब्रेक लावला," काका हेल्मेटच्या आतून म्हणाले.

"तो ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर आहे."

"मग ब्रेक कुठाय?"

"नाहीये."

काकांनी हेल्मेट वर केलं. "ब्रेक नसलेली गाडी मी डेपोतून बाहेर काढत नाही, येर्सन."

खोलीतून मावशीचा आवाज यायचा, "काय झालं?"

"भोक!" काका ओरडायचे.

"केवढं?"

"बकरी जाईल एवढं!" हे मी.

मग तिचं हसणं ऐकू यायचं, त्यामागून खोकला. खोकला आला की काका हातमोजे काढून आत जायला निघायचे आणि ती आतूनच दटावायची, "इकडे कशाला येताय? इथे काय भोक पडलंय का? जा, काम करा."

मोडक्या खिडक्यांच्या चौकटी आणून आम्ही त्यांचे तुकडे करत होतो आणि काका ते जोडत, म्हणजे भोसकत होते. सुई डबक्यात बुडवायची, काळी करायची, पुन्हा दगडावर घासून टोक काढायचं. सकाळची कॉफीसुद्धा ते शेडमध्ये मागवू लागले. रात्री जेवताना ताटाकडे बघत मला विचारायचे, "ही मरेपर्यंत होईल ना रे?" मी म्हणायचो, होईल की. दुसरं काय म्हणणार?

एका दुपारी मी मावशीच्या पाठीशी उशी लावत होतो. मनगटं रवीच्या दांड्याएवढी झाली होती तिची.

"कितपत आलंय त्यांना?" तिने विचारलं.

"या आठवड्यात किटलीला हात घालतील."

"इतक्यात?" तिचा चेहरा पडला. "चौकटी संपल्या का?"

"आहेत अजून."

"मग त्या सगळ्या होऊ देत. घाईने शिकवू नकोस."

"मावशी, तूच वाट बघतेयस ना किटलीची?"

"बघतेय की. पण घाईने शिकलेला माणूस कसा निपजतो ते मी रोज बघते. उशी नीट लाव."

मी हसलो आणि उशी नीट लावली. दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

शेवटी तोड काकांनीच काढली. एका सकाळी त्यांनी उजव्या पायातला बूट काढून फेकला. म्हणाले, "बुटात असला की पायाला ती बसच वाटते." आमच्याकडची थंडी, अंगावर घोंगडी आणि पेडलवर अनवाणी पाय. त्या दिवशी डबकं थरथरलं आणि पाय वर आला. चौकट जोडली गेली.

मग किटली घेतली. पहिलाच टाका मारला तर तड्यातून काळा बुडबुडा आला आणि काजळी थुंकून गेला. दुधा-चॉकलेटचं पन्नास-साठ वर्षांचं लोणी ॲल्युमिनियमच्या अंगात मुरलेलं होतं. टिगला आरशासारखं स्वच्छ लागतं, आतून बाहेरून. हे मला आधीपासून माहीत होतं, काकांनाही असावं. दोघांनीही विषय काढला नव्हता.

काका किटली घेऊन खोलीच्या दारात उभे राहिले. "एदेल्मिरा, घासावी लागतेय. आतून."

मावशीने किटली मागून घेतली आणि आत एकदा बोट फिरवलं.

"घासा," ती म्हणाली. "पण तुम्ही घासा. त्याला देऊ नका."

काका तारेचा ब्रश घेऊन अंगणातल्या नळापाशी बसले. काळं पाणी दगडांवरून वाहत गेलं. त्यांची पाठ हलत होती, ती काही नुसत्या घासण्याने नव्हे. मी शेडमध्ये जाऊन गॅसचा बाटला तपासला. तो तपासून झालेला होता, तरी पुन्हा तपासला.

मग त्यांनी कान जोडला. चांगलं वेल्डिंग नाण्यांची चळत आडवी केल्यासारखं दिसतं. काकांचं म्हणजे मुंग्यांनी वाट चुकल्यासारखं होतं. पण पाणी भरलं तर थेंब गळेना. काका त्याच पायाने, एक बूट घातलेला नि एक नाही, चुलीकडे गेले आणि स्वतः चॉकलेट करायला लागले. इतके हरखले होते की रवी उलटी धरली होती.

मावशीने दोन घोट घेतले. डोळे मिटले.

"हेच," ती म्हणाली. "अगदी तसंच गोड. आईच्या हातचं."

काका हसले. कित्येक दिवसांनी. मला एक कप दिला, आपण एक घेतला. मी घोट घेतला आणि माझी नजर चुलीकडे गेली. गुळाचा खडा तिथेच होता, कागदात गुंडाळलेला, न उघडलेला.

काकांनीही घोट घेतला. कप खाली ठेवला.

"केव्हापासून चव लागत नाही?"

मावशीने डोळे उघडले. "नव्या किटलीच्या दिवशी मलाही वाटलं, दोष तिचाच. मग दुसऱ्या दिवशी पाणीही नाण्यांसारखंच लागलं."

"आणि मला बोलली नाहीस? मी तिकडे शेडमध्ये..."

"तुम्ही त्या खुर्चीत बसला होतात, अहो. गाडी सुटायची वाट बघत बसावं तसे. मी अजून सुटले नव्हते."

"मला तुझ्यापाशी बसायचं होतं."

"माहीत आहे. मला तुम्हाला 'भोक' म्हणून ओरडताना ऐकायचं होतं."

काकांनी कोपऱ्यात सारलेल्या खुर्चीकडे पाहिलं.

"मग आता बसू?"

"आता बसा," मावशी म्हणाली.

ती त्याच आठवड्यात गेली. नऊ दिवस लोक प्रार्थनेला येत होते, त्यांना नव्या किटलीतलं चॉकलेट दिलं. नेपोमुसेनोने जोडलेला कान उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बरा जमलाय की!" काका म्हणाले, "ती होती तोवर मी हेल्मेटच्या काळ्या काचेतून एक ठिपका बघत बसलो होतो." नेपोमुसेनोला काही कळलं नाही. तो कप घेऊन बाहेर गेला.

परवा मी गेलो तेव्हा काका चुलीपाशी होते, जुनी किटली घेऊन. मला कप दिला. कडूजहर.

"काका, गूळ."

"नको. ती प्यायली तसंच."

मग किटली त्यांनी नुसती विसळली, खिडकीपाशी नेली आणि आत डोकावले. आत अजून पांढरीफटक.

"पुन्हा काळी व्हायला किती वर्षं लागतात रे?"

"रोज एकदा केलंत तर... पंधरा-वीस."

काका सत्तरी ओलांडून गेलेत.

"मग दोनदा करतो," म्हणाले, आणि पुन्हा दूध चढवलं.