दाबून धरलेला तिसरा गिअर

चहा प्यायला बाकावर बसले तरी त्यांचा डावा तळवा गुडघ्यावर दाबलेला असायचा. उजव्या हाताने बशी तोंडाला, डावं कोपर ताठ. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बिचाऱ्याचा गुडघा दुखतोय. मी तर एकदा कोपऱ्यावरच्या वैद्याचं नावही सुचवलं. तसे हसले आणि म्हणाले, "गुडघा चांगला हाय हो. हात सुटला की गेर सुटतो, त्याची सवय."

एकोणीसशे सत्तरच्या पुढच्या त्या वर्षांत मी सोलापुरात मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होतो. तेलाची पिंपं माझ्या ताब्यात. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि यात माझी काही चूक नाही. सगळी पेठच त्यांना अळिया म्हणायची. अळिया म्हणजे कानडीत जावई. सासरे भुसाराचे मोठे व्यापारी, वळसंगला शेती, पोटी एकच मुलगी. लग्न झाल्यावर नवरी सासरी जायची ती गेली नाही, अक्कलकोटकडच्या खेड्यातून नवरदेवच इकडे राहायला आला. घरजावई म्हटलं की लोक चेष्टा करतात. तुम्हीही केली असेल. मीही करायचो. पण त्या माणसाला रोज बघायला लागल्यावर माझी चेष्टा आपोआप बंद झाली.

मामांची, म्हणजे सासऱ्यांची, एक काळी विलायती मोटार होती. म्हातारी, पण तोरा राणीचा. मामा मागे बसायचे, काठी दोन पायांमध्ये उभी धरायचे आणि म्हणायचे, "नडी." नडी म्हणजे चल. एवढा एकच शब्द. त्या घरात अळियांशी बोलायला याहून जास्त शब्द कुणी खर्च करत नसे.

त्या मोटारीचा गिअरबॉक्स झिजून पार गेला होता. दात बोथट झालेले, त्यामुळे तिसरा गिअर टाकला की थोड्या अंतरावर दांडा आपोआप मागे उडायचा. सुटा भाग मिळायची सोय नाही. मुंबईहूनही नकारच आला. मग काय, वळसंगपर्यंत दांडा डाव्या हाताने दाबून धरायचा. घाम पुसायचा तर उजव्या हाताने, भोंगा वाजवायचा तर उजव्या हाताने, आणि चाक सांभाळायचं तेही उजव्याच हाताने.

उपाय म्हणून एकच गोष्ट त्यांच्या हातात होती, ती म्हणजे तेल. एकशेचाळीस नंबरचं तेल काकवीसारखं घट्ट. ते घातलं की बोथट दातांमध्ये गादी बसते, आवाज दबतो, गळतीही कमी होते. पण थंडीत सकाळी तेच तेल असं आखडतं की दांडा जागचा हलत नाही. नव्वद नंबरचं घातलं तर दांडा हलका चालतो, पण दात एकमेकांवर घासून बोंब मारतात. अळिया ऋतू बघून दोन्हींची भेसळ करायचे. आधी जुनं तेल खाली काढायचं, दोन बोटांवर घेऊन उन्हात धरायचं, त्यात लोखंडाची चमक किती आहे ते बघायचं, आणि मग मला म्हणायचे, "आज जरा घट्टच द्या. लई झिजलंय."

थंडीत गाडी सुरू केली की बराच वेळ तशीच ठेवायचे. मामा मागून काठी आपटायचे. हे मान न वळवता म्हणायचे, "जरा गरम होऊ द्या की." तेच त्यांचं पालुपद. मामा चारचौघांत ओरडले की मला हळूच म्हणणार, "जरा गरम होऊ द्या की, मग बसतंय." मला तर अंगाचा तिळपापड व्हायचा. अहो, गिअरबॉक्स गरम झाल्यावर सरळ होतो, सासरा नाही होत!

एका पावसाळ्याच्या शेवटी ते दुकानात आले ते वेगळेच दिसत होते. बार्शीच्या एका अडत दुकानात दिवाणजीची जागा होती. दिवाळीपर्यंत थांबायला मालक तयार होता. बायकोही तयार होती. तिने तर मनातल्या मनात भाड्याच्या खोलीत चूल कुठे मांडायची तेही ठरवलं होतं. "आपल्या दाराला आपली कडी," असं ती म्हणाली म्हणे.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"मामा म्हणाले, जा की. मी कुठं बांधून ठेवलंय? गाडी चालतीय तंवर थांब. ही दुसऱ्या कुणाला चालवता येत न्हाय. बंद पडली की खुशाल जा."

आता बघा, अडकवलं कसं! त्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर टिकत नव्हता, हे खरंच होतं. आणि ती बंद पडत नव्हती, कारण हेच तिला जपत होते. स्वतःच्या हाताने रोज स्वतःच्याच दाराला कुलूप घालायचं चाललं होतं.

मी इकडेतिकडे बघितलं आणि सरळ म्हणालो, "नव्वदसुद्धा नको. इंजिनाचं पातळ तेल घाला गिअरबॉक्सात. दिवाळीच्या आत दात गळून पडतील. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी पिंपाकडे बघितलं. मग डबा पुढे केला. मी पातळ तेल भरून दिलं. मला इतका आनंद झाला होता की चहा मीच मागवला. त्या दिवशी चहा पिताना त्यांचा डावा हात गुडघ्यावर नव्हता. मांडीवर नुसता उताणा पडला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाडी पुन्हा दुकानासमोर उभी. अळियांचे हात कोपरापर्यंत काळे, शर्टाला तेल. पातळ तेल त्यांनी तिथेच गाडीखाली शिरून काढून टाकलं होतं.

"एकशेचाळीस द्या," ते म्हणाले.

"का?"

"वळसंगपर्यंत गेरबॉक्स रडत गेला हो. ऐकवत न्हाय."

"अहो, तुम्ही रडताय त्याचं काय?" मी ओरडलोच. गिऱ्हाइकं बघायला लागली.

ते खाली बघत म्हणाले, "इतकी वर्षं हातात धरलंय. हाताला कळतंय, कुठला दात तुटायला आलाय ते. माझ्या हातानं मारायचं म्हंजी..."

त्यांनी डबा पुढे सरकवला. मी घट्ट तेल दिलं. काय करणार? माझा राग त्यांच्यावर होता, मामांवर होता, का त्या काळ्या मोटारीवर, ते मला आजही सांगता येत नाही.

दिवाळी आली आणि गेली. बार्शीला दुसरा दिवाणजी लागला. त्यांच्या बायकोने फराळाचं ताट दुकानात आणून दिलं. "अण्णा, घ्या," म्हणाली, आणि बार्शीबद्दल एक अक्षर काढलं नाही. तो चिवडा मी गिऱ्हाइकांना वाटून टाकला.

गंमत बघा, पुढच्याच उन्हाळ्यात तो गिअरबॉक्स आपल्या आपण तुटला. वळसंगच्या रस्त्यावर काडकन आवाज झाला आणि गाडी उभीच राहिली. बैल जुंपून आणली. बातमी कळल्यावर मी भर दुकानात टाळी वाजवली. म्हटलं, सुटला गडी! बार्शी नाही तर दुसरं गाव. आता मामांना शब्द पाळावा लागेल.

काही दिवसांनी दुकानासमोर एक जीप येऊन थांबली. नवी नव्हती, पण धडधाकट. पुढे मामा, काठी दोन पायांमध्ये. मागे मुलगी, म्हणजे अळियांची बायको. आणि चाकावर अळिया.

"शेताला जीपच बरी," मामा मला म्हणाले. "चालवणारा घरातच हाय की."

अळिया खाली उतरले नाहीत. मी त्यांच्या बाजूला गेलो. इंजिन चालू होतं, गाडी जागेवर उभी, आणि डावा तळवा गिअरच्या दांड्यावर दाबलेला. कोपर ताठ.

मागून त्यांची बायको हळूच म्हणाली, "आता तरी हात काढा की. ह्याचा गेर न्हाय सुटत."

त्यांनी हात उचलला. दांडा जागचा हलला नाही. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघून कसंनुसं हसले. "हिला एकशेचाळीस लागत न्हाय," म्हणाले. "नव्वद बास झालं."

मी दोन पावलं मागे सरलो.

"नडी," मामा म्हणाले.

अळियांनी गिअर टाकला. जीप निघाली. वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो. हात पुन्हा दांड्यावर होता, दाबून धरलेला.