बघायच्या भाकरी

पानशेतच्या धरणाजवळ बनाबाई बावीस वर्षं पिठलं-भाकरी करून विकते. गिऱ्हाइकानं दुसरी भाकरी मागितली, की तिला बरं वाटतं. त्यामुळं पर्यटन खात्यातल्या सुलक्षणा मॅडम आल्या, तेव्हा तिनं फार आढेवेढे घेतले नाहीत.

"मावशी, मुंबईच्या बंदरात क्रूझ येतीय. पाहुण्यांचं स्वागत आपल्या गावरान जेवणानं करायचंय."

"जा की," नवरा गेनबा म्हणाला. "फॉरेनची मानसं तुज्या हातचं खातील."

बंदरात उतरताच बनाबाई जागीच थबकली. समोर पांढरीशुभ्र इमारत, तिला गॅलऱ्या, खिडक्या. हीच बोट, हे कळायलाच वेळ लागला. अकराव्या मजल्यापर्यंत मोजून तिची मान अवघडली.

मांडवात गॅसच्या शेगडीवर तिनं नाचणीच्या भाकरी थापायला घेतल्या. लेझीम सुरू झालं. पाहुणे उतरले, फोटो काढू लागले. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईनं वास घेत हात पुढं केला. बनाबाईनं भाकरीवर ठेचा ठेवून तिच्यापुढं धरली, तोच सुलक्षणा मॅडम मधे आल्या.

"मावशी, द्यायचं नाही. बोटीचा नियम आहे, बाहेरचं खाऊन कुणी आजारी पडलं तर? हे फक्त दाखवायला."

"दाखवायला?"

"हो. संपलं की टाकून द्यायचंय."

बनाबाईला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. पाहुणी हसून बसमध्ये चढली. भाकरी बनाबाईच्या हातातच राहिली. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिला वास आला नाही.

बऱ्याच वेळानं तिनं टोपली उचलली. बसचे ड्रायव्हर, झाडूवाल्या बाया, गेटवरचा पोलीस, ज्याला त्याला भाकरी-ठेचा वाढत सुटली. मॅडम बघत राहिल्या, पण अडवलं नाही.

घरी आल्यावर गेनबानं विचारलं, "कशी व्हती बोट?"

"लई मोठी," एवढंच ती बोलली.

पावसाळा सरल्यावर मॅडमचा पुन्हा फोन आला. दुसरी बोट येणार होती.

"मॅडम, खानारं कुनी हाय का?"

"नियम तोच आहे, मावशी. फक्त दाखवायला."

"मग म्या न्हाई येत," बनाबाई म्हणाली, आणि पीठ मळायला बसली.