आडवा ताण

"आबा, ह्यो इलेक्ट्रॉन लई बेरकी हाय. समूर भिताड घातलं तरी सरळ आरपार जातोय."

"मग भिताड कावून घालायलीस?" खुंटा ठोकता ठोकता बंकटनं विचारलं.

"अडवायचा हाय त्याला. सोडायचा बी हाय, पर मी म्हनीन तवा."

शिवकन्या बंकटची थोरली. चकलांब्याच्या शिवारात मेंढरं वळत शिकली, आता विद्यापीठात पीएच.डी. करत होती. विषय ग्राफीनचा. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंची एकाच थराची जाळी. तिच्यात विजेचा अडसर उभा केला तरी नाकासमोर येणारा इलेक्ट्रॉन पार निघून जातो. शिवकन्येचं म्हणणं, अडसराखालची जाळी ताणायची, अडसराचं व्होल्टेज लयीत वरखाली करायचं, मग तो आपल्या ऐकण्यात येतो. पण कॉम्प्युटरवरच्या गणितात तो काही अडेना. सरांनी सांगून टाकलं होतं, सोमवारपर्यंत अडला नाही तर विषय बदल.

"बदल की मग," साखराबाई कोकराला पाजायला सोडत म्हणाली. "इषय काय पोटचं लेकरू हाय?"

"आये, तू गप बस बरं."

मेंढरं त्या दिवशी एका शेतकऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत खतासाठी बसवायची होती. शिवकन्येनं वाघरीचं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीचं, टोक धरलं आन् सवयीनं वाटेच्या अंगानं ओढलं.

"तिकडं कुठं चाललीस?" बंकट म्हणाला. "हितं आडवी लाव."

"आपून तर कायम वाटंच्या अंगानंच लावतो."

"कायम लावतो म्हणून हितं बी लावायची व्हय?"

शिवकन्येच्या हातातलं टोक सुटलं. गणितातही तिनं हेच केलं होतं. ताणानं इलेक्ट्रॉनची चाल जिकडं सरकते, तिकडंच तिनं त्याची वाट धरली होती. चाल वाटेतच पुढंमागं सरकली तर अडसराला त्याचं सोयरसुतक नाही. बाजूला सरकली, तर समोरून आलेलाही आत तिरका पडतो आन् तिरक्याला अडवता येतं.

ती बांधावर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला. ग्राफीनची जाळी तशीच ठेवून अडसर तेवढा काटकोनात फिरवला. आलेख धाडकन खाली आला. इलेक्ट्रॉन अडला होता. मग व्होल्टेज हलतं केलं तर वाट उघडली, लय बदलली तर पुन्हा मिटली.

तिनं सगळं सरांना पाठवलं. सरांनी स्वतःच्या प्रोग्रामवर चालवून पाहिलं, मगच फोन केला.

"शिवकन्या, माझ्याकडंही अडतोय. विषय राहू दे. पेपर लिहायला घे."

"घेते, सर." आवाज तिनं सरळ ठेवला, पण हसू काही दाबता आलं नाही.

"काय म्हनले मास्तर?"

"अडला, आबा. आन् सुटतोय बी, मी म्हनीन तवाच."

"लई झ्याक." बंकटनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग वाघरीच्या मोकळ्या राहिलेल्या बाजूकडं. "आता ती मेंढरं बी अडव. चार ज्वारीत शिरलीत."

शिवकन्येनं लॅपटॉप पिशवीत कोंबला, पदर खोचला आन् हाळी देत ज्वारीत घुसली.